सूर्यास्त : उत्तर नाही

दुकानातल्या पोरीने खिडकीचं माप विचारलं,
मग मोटरच्या पडद्याची किंमत सांगितली.
टोरगाइरने टोपी पुन्हा डोक्यावर ओढली.
बघतो, म्हणाला.

मेच्या मध्यापासून जुलै सरेपर्यंत हॅमरफेस्टला
सूर्य घर सोडत नाही.
क्षितिजाच्या उंबऱ्यापर्यंत जातो,
येतो हं, म्हणतो,
आणि खरंच येतो.

सुनिवा पाच वर्षांची.
रात्री दोनला उठून बोटी रंगवते,
बालवाडीत पावाच्या तुकड्यावर गाल टेकून झोपते.
आई तेलाच्या फलाटावर, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे.
खिडकी जिन्याच्या वर, उतरत्या छपरात,
शिडीशिवाय हात पोचत नाही.
शिडी तळघरात.

तर मग:
भंगारातल्या प्रिंटरची मोटर,
जुन्या फोनचा चार्जर,
बोटाएवढा सर्किट बोर्ड, टपालाने आलेला, दोन कॉफ्यांच्या पैशात,
आणि वाचनालयातल्या यंत्रावर छापून घेतलेलं
पिवळं प्लास्टिकचं दातेरी चाक.
पिवळं, कारण त्या दिवशी तेवढाच रंग उरला होता.

टनांनी जाळी ओढणारे विंच दुरुस्त करतो हा माणूस.
सहाशे ग्रॅम कापडाने त्याला तीन आठवडे झुलवलं.
पहिल्या चाकावर साखळी दर सातव्या मण्याला घसरायची.
दुसऱ्याचे दात चुरमुऱ्यासारखे मोडले.
तिसरं बसलं,
पण मोटर उलटी जोडलेली:
पडदा वरच्या वर गुंडाळत गेला, गेला,
आणि दांड्यासकट खाली, थेट फिशसूपमध्ये.
सुनिवा इतकी हसली की तिला उचकी लागली.
त्या रात्री ती झोपली, पडद्याविनाच. उगाच.

शेवटी जमलं.
वरपासून खालपर्यंत एकशे चौतीस मणी.
मोटर माळ ओढते जपाची,
मेरुमणी नाही, देव नाही,
नुसतं घरघर घरघर, आणि खोलीत थोडी रात्र.

आता फक्त वेळ सांगायची.
त्याने सरळ लिहिलं:
सूर्य मावळला की पाड, उगवला की उचल.
कोणीही असंच लिहिलं असतं.
जगभर असंच लिहितात.

आठ वाजले. नऊ. साडेअकरा.
पडदा वरच.
तारा तपासल्या, चार्जर बदलला,
मोटरला हात लावून पाहिला, गार.
मग संगणकावर ओळ दिसली,
दर मिनिटाला एक, खाली खाली साचत गेलेली:
सूर्यास्त? उत्तर नाही.
सूर्यास्त? उत्तर नाही.
सूर्यास्त?

बिचारा बोर्ड. कुणीतरी दिलेल्या शब्दावर
खिडकीत ताटकळत बसलेला.
टोरगाइर स्वयंपाकघरात एकटाच हसला,
हलक्या आवाजात, वर मुलगी जागीच होती.
सूर्य खोडला. लिहिलं: साडेसात.

सकाळची ओळ मात्र तशीच राहिली.
पडदा उचलायला अडचण नव्हती की,
बोर्डाच्या एका कोपऱ्यात बटण होतं,
हाताने दाबायचं. दाबलं जायचं.
ऑगस्टपासून तर सूर्य खरंच उगवू लागला
आणि बटणाचा विसर पडला.

नोव्हेंबर संपता संपता सूर्य आलाच नाही.
येतो हंसुद्धा न म्हणता.
पडदा खाली तो खालीच, एक दिवस, दोन, चार,
आणि कुणाच्या लक्षात आलं नाही,
काचेपलीकडे तेच होतं जे कापडाच्या अलीकडे.

पाचव्या दिवशी सुनिवा जिन्यात थांबली,
एका पायात बूट.
यॉर्डिसबाईंचा दिवा कुठे गेला?

समोरच्या घरात यॉर्डिसबाई
हिवाळाभर खिडकीत दिवा ठेवतात,
काचेच्या टोपीचा, जरासा तिरका.
गेला नव्हता.
टोरगाइर तळघरातून शिडी घेऊन आला,
बटण दाबलं.
मणी एकेक करून वर,
शंभर, एकशेवीस,
आणि त्या चौकोनात आधी बर्फ, मग छप्पर,
मग तो.

तिरका आहे अजून, सुनिवा म्हणाली,
आणि दुसरा बूट शोधायला गेली.